सरळ केलेलं शटल

मामांनी अकरा वर्षं ज्या एका फोटोची वाट पाहिली, तो मी चार मिनिटांत बिघडवला आणि वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे माझ्या हुशारीच्या गोष्टी ऐकताना कोणी फसायला नको.

आमचा स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत मामांचं राज्य: एक स्टूल, दोन मोठे दिवे, पांढरा पडदा आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला एक कंगवा, जो आजवर कोणी वापरलेला नाही. तिथे पासपोर्टचे फोटो निघतात. मागच्या खोलीत माझं राज्य: कॉम्प्युटर, कुरकुरणारा पंखा आणि दारावर मीच चिकटवलेली चिठ्ठी, 'आत येण्यापूर्वी खोकावे'. माऊस हातात असताना कोणी पाठीमागून बोललं की माझ्या हातून लोकांची नाकं वाकडी होतात. मी मामांची भाची. शिक्षण संपल्यावर 'चार दिवस मदतीला ये' म्हणून बोलावलं, त्या चार दिवसांना आता नऊ वर्षं झाली.

शनिवार-रविवार मामा खेळांच्या हॉलमध्ये असतात. बॅडमिंटन, टेबल टेनिस, व्हॉलीबॉल, छताखाली जे काही उडतं ते सगळं मामा टिपतात. टिपतात हा त्यांचा शब्द. माझ्या मते ते अंधारात बटणं दाबतात आणि उजेड मला पाडावा लागतो.

हे मी उगाच म्हणत नाही. हॉलमधले दिवे डोळ्यांना लख्ख दिसतात, पण कॅमेऱ्याला ते पुरत नाहीत. शिवाय ते क्षणाक्षणाला लुकलुकतात, आपल्याला कळत नाही एवढंच. त्यामुळे एकाच खेळाडूचे लागोपाठ तीन फोटो काढले तर पहिल्यात ती कावीळ झाल्यासारखी, दुसऱ्यात शेवाळलेली आणि तिसऱ्यात बरी दिसते. हात हललेला नको म्हणून कॅमेऱ्याची घाई वाढवायची, घाई वाढवली की उजेड कमी, उजेड ओढून आणला की फोटोभर वाळू सांडल्यासारखे दाणे. ती वाळू झाडायची, रंग माणसांचे करायचे, तिरकी झालेली जमीन सपाट करायची आणि मागे बाकावर नाकात बोट घालून बसलेल्या प्रेक्षकाला अब्रूसकट फोटोबाहेर काढायचं, हे माझं काम. मामा मला 'खोडरबर' म्हणतात. मी ते कौतुक समजते.

आणि तो खांब! हॉलच्या पलीकडच्या कोपऱ्यात एक पोपटी रंगाचा खांब आहे, त्याला टेकून पाण्याची टाकी. मामा डाव्या कोपऱ्यात नेमके अशा जागी बसायचे की निम्म्या फोटोंत हा खांब कोणाच्या तरी डोक्यातून उगवायचा. मी तो किती वेळा पुसला असेल याची गणती नाही.

"मामा, एवढा मोठा हॉल पडलाय. उजवीकडे बसलात तर काय बिघडेल?"

"तिथे वारा लागतो."

"बंद हॉलमध्ये?"

"खोडरबर, तू पुसायचं काम कर. बसायचं काम माझं."

बसायचं काम मात्र आता संपत आलं होतं. मामांचा गुडघा. हाडांच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं की जमिनीवर मांडी घालणं बंद, उकिडवं बसणं त्याहून बंद. मामांनी रडतखडत एक हंगाम मागून घेतला. "एवढा एकच," असं ते डॉक्टरांना म्हणाले, मामीला म्हणाले, आणि मग प्रत्येक शनिवारी कोपऱ्यातून उठताना भिंतीला धरून स्वतःला म्हणत राहिले. एवढ्यात काय मिळवायचं राहिलं होतं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मनातली गोष्ट बोलून दाखवली की ती होत नाही, अशी त्यांची ठाम समजूत.

बॅडमिंटनच्या हंगामाचा शेवटचा सामना महिलांचा अंतिम सामना होता. एका बाजूला गेल्या वर्षीची विजेती, वीस-बावीसची पोरगी. दुसऱ्या बाजूला डावरी. डावरी म्हणजे आमच्याच रस्त्यावरची दातांची डॉक्टर. वय अडतीस, एका मुलीची आई, डाव्या हाताने खेळते म्हणून सगळा हॉल तिला डावरीच म्हणतो. ती जिंकली. मी तिथे नव्हते, पण संध्याकाळी मामा लंगडत आणि शीळ घालत स्टुडिओत आले तेव्हा मला समजलं.

त्यांनी कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं. अकराशे फोटो. मामा कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर कधीच बघत नाहीत. "मागे बघायला मान वळवली की पुढचा फटका गेला," हा त्यांचा नियम. त्यामुळे काय मिळालं नि काय हुकलं हे सगळ्यात आधी मला कळतं. मामांना दिसतात ते मी निवडून, धुऊन-पुसून ठेवलेले चाळीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम करता करता मी एका फोटोपाशी थांबले. डावरी हवेत होती. दोन्ही पाय जमिनीपासून हातभर वर, डावा हात पूर्ण ताणलेला, तोंड उघडं. ज्या बाईने गेल्या महिन्यात माझ्या दाढेला हात लावण्याआधी तीनदा 'दुखतंय का?' विचारलं होतं, ती ही अशी! रॅकेटच्या पुढे वीतभर अंतरावर शटल होतं. फोटो फक्कड होता. फक्त एक घोळ होता: शटल उलटं होतं. पिसं पुढे आणि बूच मागे, रॅकेटच्या बाजूला.

आता शटल उडतं ते बूच पुढे करून. शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. मला वाटलं, कॅमेऱ्याने काहीतरी गडबड केली, किंवा शटल कुठल्या तरी दिव्यात चमकून भलतंच दिसतंय. मी आतूनच ओरडले,

"मामा, तुमचं एक शटल उलटं आलंय. सरळ करू का?"

पुढे मामा एका तान्ह्या बाळाचा पासपोर्टचा फोटो काढत होते. बाळ डोळे उघडत नव्हतं आणि त्याची आई हसायची थांबत नव्हती.

"हं, हं, कर," मामा म्हणाले.

मी केलं. शटल कापलं, फिरवलं, पुन्हा बसवलं. कडा मऊ केल्या, बुचाला थोडी चमक दिली. खांब पुसला, टाकी पुसली. फोटो मूळ फोटोवरच सेव्ह करून टाकला. हाही माझाच नियम. 'आधीचे' आणि 'नंतरचे' असे दोन-दोन ठेवत बसलं की पसारा होतो, आणि पसारा मला खपत नाही. मामांनी या नियमावरून माझ्याशी दोनदा वाद घातला होता आणि दोन्ही वेळा मी जिंकले होते. दुपारी व्हॉलीबॉल होतं म्हणून कार्ड पुसून मामांच्या हातात दिलं. चार मिनिटं धरा, नाहीतर पाच.

महिन्याभराने हॉलच्या दर्शनी भिंतीवर वर्षभरातले निवडक फोटो लागले. डावरीचा फोटो मधोमध, तीन फूट बाय दोन. मामी नवीन चपला घालून आली होती. डावरी मुलीला घेऊन आली आणि स्वतःचं उघडं तोंड बघून म्हणाली, "अगं बाई, खालच्या दोन दाढा भरायला झाल्यात माझ्या." मी कोपऱ्यात उभी राहून कौतुक गोळा करत होते.

तेवढ्यात शिट्टी आले. शिट्टी म्हणजे हॉलचे जुने प्रशिक्षक. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून तेच नाव. त्यांनी चष्मा वर केला, नाक फोटोला टेकेपर्यंत पुढे गेले आणि म्हणाले,

"हे शटल कोणी चिकटवलं?"

"चिकटवलं म्हणजे?" मी म्हणाले.

"हे बघ. शटल येतं ते बूच पुढे करून. आपण मारतो तेही बुचावरच. मग परत जाताना सुरुवातीला पिसं पुढे असणार ना? त्यानंतर ते हवेतच गिरकी घेतं आणि बूच पुढे येतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं सगळं, म्हणून दिसत नाही. पण रॅकेटपासून वीतभर अंतरावर बूच पुढे? शक्यच नाही. शटल काय घरून वळून आलं होतं?"

चार-सहा जण हसले. मी मामांकडे पाहिलं. मामा हसत नव्हते. ते फोटोकडे बघत होते, मग माझ्याकडे, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर एक-एक करत सगळं उमगताना दिसलं. बाळ, 'हं हं, कर', सगळं.

"कॅमेऱ्यात होतं कधीकधी असं," मामा शिट्टींना म्हणाले. "जुना झालाय." आणि हळूहळू बाहेर गेले.

त्यांनी माझी बाजू घेतली याचंच मला जास्त लागलं. मामीने मला कोपराने ढोसलं. "जा त्याच्या मागे," ती म्हणाली. "त्या एका गिरकीसाठी अकरा वर्षं त्या कोपऱ्यात बसतोय तो. तिथूनच डावरीचा हात आडवा, पूर्ण बाजूने दिसतो आणि मागे काळा पडदा येतो, म्हणे. मला शपथ घातली होती, कोणाला सांगायचं नाही म्हणून."

म्हणजे खांब उगाच नव्हता. नऊ वर्षं मी तो पुसत होते आणि नऊ वर्षं तो मला सांगत होता की हा माणूस इथे कशासाठी तरी बसलाय.

मामा बाहेरच्या पायऱ्यांवर बसले होते, दुखरा पाय सरळ सोडून. मी शेजारी बसले. 'चुकले' म्हणायला तोंड उघडलं आणि एकदम रडूच फुटलं, नाकातोंडातून, शाळेतल्या पोरीसारखं.

"मूळ फोटो?" मामांनी विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

"कार्ड?"

"पुसलं."

"बरोबर. व्हॉलीबॉल होतं. मीच हं म्हटलं की गं."

"तुम्ही ऐकलं कुठे होतं!"

"तेच म्हणतोय. ऐकायला हवं होतं." मग ते माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. "पिसं पुढे होती?"

"हो."

"नक्की?"

"मामा, मी ते शटल मोठं करून बघितलंय. नखाएवढं असतं ते मी ताटाएवढं केलं होतं."

"मग सांग की! पिसं उघडी होती की मिटलेली?"

मी डोळे पुसले आणि आठवलं. मला आठवायला काय लागतं, चार मिनिटं मी त्याच्याशिवाय दुसरं काही बघितलं नव्हतं. "एका बाजूची दबली होती. छत्री वाऱ्यात अर्धी मिटते ना, तशी. आणि एक पीस मोडलं होतं, टोकाला. ते मी..."

"ते तू नीट केलंस."

"हो."

मामा हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग पोट हलवत. "आणि बूच? तिरकं होतं ना? गिरकी सुरू झाली होती ना?"

"किंचित तिरकं. वर उचललेलं."

"सुरू झाली होती," ते स्वतःशीच म्हणाले आणि मांडीवर थाप मारली, दुखऱ्या पायाच्याच. "आई गं! सुरू झाली होती!"

मग त्यांनी मला सांगितलं, जे नऊ वर्षं त्यांच्या शेजारी काम करून मला माहीत नव्हतं. आमच्या त्या कॅमेऱ्यात एक छोटा आरसा आहे. बटण दाबलं की तो वर उचलला जातो, आणि नेमक्या त्याच क्षणी बघणाऱ्याच्या डोळ्यापुढे अंधार होतो. "फोटो काढणाऱ्याला तेवढंच दिसत नाही, जे फोटोत येतं," मामा म्हणाले. "त्याच्या आधीचं दिसतं, नंतरचं दिसतं. म्हणजे ते शटल बघितलेलं अख्ख्या जगात एकच माणूस आहे. तू. म्हणून विचारतोय. पुन्हा सांग, पहिल्यापासून."

मी पुन्हा सांगितलं. तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर मामी बाहेर आली आणि म्हणाली की नवीन चपला चावताहेत, आता घरी चला.

अर्थात मी हात धुऊन मोकळी झाले नाही. पुसलेल्या कार्डावरचं परत मिळवून देणारा एक माणूस आहे, त्याच्याकडे गेले. त्याने दोन दिवस खपून पाचेक डझन फोटो वर काढले: व्हॉलीबॉलचं जाळं, शिट्टींची पाठ, मामांचा अंगठा, आणि बाकी सगळे खांब. पोपटी, लखलखीत, एकही दाणा नसलेले. नशिबाने माझी अशी चेष्टा याआधी केली नव्हती.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या शनिवारी मामांनी कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला.

"मला नाही येत," मी म्हणाले.

"मला तरी कुठे येतं? अंधारात बटणं दाबायची, उजेड पाडणारा घरी बसलाय." आणि खरंच ते माझ्या खुर्चीत जाऊन बसले. दारावरची चिठ्ठी तशीच ठेवली, फक्त खाली लिहिलं, 'मोठ्याने'.

मी त्या कोपऱ्यात बसले, भिंतीला पाठ टेकून. वारा वगैरे काही नव्हता. समोर काळा पडदा होता आणि डावरीचा हात अगदी आडवा दिसत होता. पहिल्या दिवशी मी सातशे फोटो काढले. मामांनी एका बोटाने माऊस ढकलत ते पाहिले आणि आतून एकेक निकाल येत राहिला. "हा दिवा छान आलाय." "हे कोणाचं कोपर?" "जमीन एवढी तिरकी आहे की खेळाडू घसरून माझ्या मांडीवर येतील." मला नऊ वर्षांची सगळी फेड एका दुपारी मिळाली.

डावरीला मी सगळं खरं सांगितलं होतं. ती म्हणाली, "सरावाला येत जा, हवे तेवढे फटके मारते. तेवढंच तुझ्या दाढेवरचं लक्ष उडेल." ती मारायची, मी दाबायची, फोटोत शटल कधीच नसायचं. फटक्याचा आवाज आला की मी दाबत होते, आणि आवाज येईपर्यंत शटल पलीकडच्या बाजूला पोचलेलं असायचं. सहा आठवडे गेले. सातव्या आठवड्यात मी चिडून कॅमेरा मामांच्या टेबलावर आपटायच्या बेतात होते, आणि आपटला नाही तो केवळ त्यांचा होता म्हणून.

"आवाजाची वाट बघतेस?" मामांनी विचारलं.

"मग कशाची बघू?"

"तिचा उजवा हात बघ. मारण्याआधी तो वर असतो, शटलकडे बोट दाखवल्यासारखा. तो खाली यायला लागला की दाब. शटलकडे बघूच नकोस."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू आधी का नाही विचारलंस?" मामा म्हणाले आणि माझ्या खुर्चीत आणखी रेलून बसले.

त्या दिवसापासून मी उजवा हात बघू लागले. मागच्या पडद्यावर बघायचं सोडून दिलं. खरं सांगायचं तर बघायची भीती वाटायची. एकेक शनिवार संपला की कार्ड मामांच्या समोर ठेवायचं आणि पुढे जाऊन पासपोर्टचे फोटो काढायचे, असा आमचा नवा शिरस्ता पडला. आणि कार्ड पुसायचं नाही. मामीने चार नवीन कार्डं आणून दिली होती, प्रत्येकावर तारीख घालायला पेनसुद्धा.

तो रविवार होता. पुढच्या खोलीत एक जाडजूड गृहस्थ स्टुलावर बसले होते आणि मी त्यांना हनुवटी किंचित वर, अजून किंचित वर, असं करत होते. आत माऊसचं थोड्या थोड्या वेळाने टिक, टिक चाललं होतं. मग ते थांबलं. बराच वेळ थांबलं. मला वाटलं, मामांचा डोळा लागला.

आतून खोकल्याचा आवाज आला. मोठ्याने.

"अगं ए खोडरबर," मामा म्हणाले. "इकडे तुझं एक शटल उलटं आलंय. सरळ करू का?"

"हात लावाल तर खबरदार!" मी ओरडले आणि आत धावले. ते गृहस्थ बिचारे हनुवटी वर करून तसेच बसून राहिले.